हलका हात

माझ्या तोंडून सगळ्यात जास्त वेळा निघालेले दोन शब्द कोणते, असं माझ्या जुन्या विद्यार्थ्यांना विचारलंत तर ते एका सुरात सांगतील, "दाबू नका." त्यापुढे मी जे काही जोडायचे तेही सांगतील, पण ते इथे लिहिण्यासारखं नाही. राग माझ्या नाकावर असायचा. घरी सासूबाई सगळ्यांना बजावून ठेवायच्या की हिला सकाळी कोणी डिवचू नका, संध्याकाळपर्यंत धग राहते. मी ते हसण्यावारी न्यायचे. तापट माणसाला आपला राग हा गुणच वाटतो, तसा मलाही वाटायचा.

ऐंशीच्या दशकाचा शेवट होता. नागपुरातल्या एका मोठ्या रुग्णालयात मी मेडिसिनची लेक्चरर होते. सांध्यांच्या रोगांचा वेगळा विभाग आमच्याकडे नव्हता. आठवड्यातून एकदा भरणारी सांध्यांची ओपीडी आणि वॉर्डातल्या कोपऱ्यातल्या आठ खाटा, एवढंच माझं राज्य. एम.डी. करणारे चार-पाच रेसिडेंट डॉक्टर सहा-सहा महिन्यांसाठी माझ्या हाताखाली यायचे. संधिवात म्हणजे म्हाताऱ्यांची कुरकुर, त्यात शिकायचं काय, असा चेहरा करून यायचे आणि पहिल्याच आठवड्यात तो चेहरा मी उतरवायचे.

त्याच सुमाराला मी बाहेरगावी दीड महिना शिकायला गेले होते. तिथे एका वयस्क डॉक्टरांनी रुग्णाच्या गुडघ्यावर सोनोग्राफीचा प्रोब टेकवला आणि मला पडद्यावर सांध्यातलं पाणी दाखवलं. आमच्याकडे तोवर सोनोग्राफी म्हणजे गरोदर बायका आणि पित्ताशयातले खडे. मी डोक्यात भूत घेऊनच परत आले. एक्स-रे विभागात चाकांवरचं एक जुनं मशीन होतं. तिथल्या लोकांच्या मागे लागून, भांडून, शेवटी चहा पाजून, बुधवारची दुपार मी माझ्या वॉर्डासाठी मिळवली. तंत्रज्ञ ते मशीन उतारावरून ढकलत आणायचा. एक चाक फरशीच्या फटीत अडकायचं आणि दरवेळी त्याचा उद्धार व्हायचा.

पण शिकवायला बसले तेव्हा लक्षात आलं की अडचण मशीनची नाही, हातांची आहे. डॉक्टरचा हात दाबायला शिकलेला असतो. पोट दाबा, यकृत शोधा, गुडघा दाबा, सूज चाचपा. पाच-सहा वर्षं तेच केलेलं. आणि प्रोब दाबला की सांध्यातलं थोडंसं पाणी बाजूला पळतं. पडद्यावर गुडघा कोरडा ठणठणीत दिसतो आणि रेसिडेंट छाती पुढे काढून सांगतो, "मॅडम, काही नाही."

मग मी एक उपाय काढला. रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातून भिजवलेल्या कणकेचा मोठा गोळा मागवायचा, तो परातीत थापायचा आणि प्रत्येकाच्या हातात साबणाची ओली वडी द्यायची. प्रोबचा आकार साधारण तेवढाच. ती वडी कणकेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायची. वडी सगळीकडे टेकली पाहिजे, पण कणकेत खळगा पडता कामा नये. खळगा पडला की गोळा पुन्हा मळायचा आणि पुन्हा सुरुवात. उंच तगडे डॉक्टर परातीसमोर घाम पुसत उभे राहायचे आणि आया-बाया दारातून बघून तोंडाला पदर लावायच्या. एकाला मी सगळ्या वॉर्डासमोर म्हटलं होतं की तुम्ही डॉक्टर होण्याऐवजी उसाच्या चरकावर गेला असतात तर बरं झालं असतं. त्यानंतर त्याच्या वडीने खळगा पाडला नाही. माझी पद्धत चालते याचा मला तो पुरावाच वाटला.

त्या तुकडीत पारशिवनीकडच्या एका गावातली मुलगी होती. घरी शेती, आणि घराण्यात डॉक्टर झालेली पहिलीच. बोलायची कमी, आणि बोलली की आधी माझ्या तोंडाकडे बघून घ्यायची. पण हात असा, की पहिल्याच दिवशी तिची वडी कणकेवरून फिरली आणि माग राहिला तो फक्त साबणाच्या ओलीचा. मी कौतुक करण्यात कंजूष. तरी त्या दिवशी म्हटलं, "बघा, याला हात म्हणतात." ती लाल झाली. बाकीच्यांनी महिनाभर तिला टोमणे मारले असणार.

आणि सात नंबरच्या खाटेवर होते उमरेडचे विणकरभाऊ. पन्नाशीचे, शिडशिडीत. हातमागावर आयुष्य गेलेलं. खड्ड्यात पाय सोडून बसायचं आणि पायाखालच्या फळ्या आळीपाळीने दाबायच्या. संधिवाताने दोन्ही हात आणि उजवा गुडघा धरला होता. त्या गुडघ्यात पाणी तर होतंच, पण मागच्या बाजूला, लवणीत, लिंबाएवढी पाण्याची पिशवीही फुगली होती. शिकवायला याहून चांगला गुडघा मिळणं कठीण. औषधं बसेपर्यंत त्यांना ठेवून घेतलं होतं आणि पहिले दोन महिने दर बुधवारी चारही रेसिडेंट आळीपाळीने त्यांच्या गुडघ्यावर शिकले. भाऊ कंटाळले नाहीत. उलट तेच मास्तर झाले. कोणी जोर लावला की उशीवरून डोकं उचलून म्हणायचे, "ओ साहेब, कणीक आठवा. बाईनं सांगतलं ना, दाबू नका." मला हसू यायचं. मी ते दाबायचे.

मे महिन्यातल्या एका गुरुवारी सकाळी आठला मी वॉर्डात पोचले, तेव्हा सात नंबरभोवती पडदा अर्धवट ओढलेला होता आणि मशीन शेजारी उभं होतं. गुरुवारी मशीन वॉर्डात पाहून मी दारातच थांबले. भाऊ उताणे झोपले होते. पारशिवनीची ती मुलगी त्यांच्या उजव्या मांडीवर, वरच्या बाजूला, प्रोब ठेवून मशीनच्या पडद्याकडे बघत होती. तिने मान वळवून मला पाहिलं, प्रोब उचलला आणि लगेच उभी राहिली.

भाऊंची उजवी पोटरी रात्रीतून टम्म सुजली होती. कातडी ताणून चकचकीत झाली होती आणि हात लावू देत नव्हते. असं झालं की डॉक्टरसमोर दोन शक्यता उभ्या राहतात, आणि दोन्ही दिसतात अगदी सारख्या. एक म्हणजे लवणीतली ती पिशवी फुटली आणि तिचं पाणी पोटरीत उतरलं. हे दुखतं, पण जिवावर बेतत नाही. दुसरी म्हणजे पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी झाली. ती सुटून फुप्फुसात गेली तर माणूस बोलता बोलता जातो. गुठळी असेल तर रक्त पातळ करणारं औषध ताबडतोब सुरू करायचं. आणि पिशवी फुटलेली असताना तेच औषध दिलं, तर पोटरीत रक्त साठून पाय गमवायची वेळ येते. एकाचं औषध ते दुसऱ्याचं विष. चुकायला जागा नव्हती.

मुलीने पहाटेच तंत्रज्ञाला उठवून मशीन वर आणवलं होतं. तिने मला पडद्यावर दाखवलं. पिशवीचा गोल आकार मोडला होता, आणि पोटरीच्या स्नायूंमधून पाण्याची काळी रेघ खाली गेली होती. पिशवी फुटली होती यात शंका नव्हती.

"आणि शीर?" मी विचारलं.

"मोकळी दिसतेय, मॅडम," ती म्हणाली. तिने केसपेपरवरही तसंच लिहून खाली सही केली होती.

मला काय वाटलं ते सरळ सांगते. मला अभिमान वाटला. तिचा कमी आणि माझा जास्त.

नऊ वाजता आमच्या युनिटचे प्रमुख राउंडला आले. तीस वर्षं नाडी आणि स्टेथोस्कोपवर काढलेला माणूस. पोटरीकडे बघून त्यांनी दोन सेकंदांत सांगितलं, "गुठळी आहे. हेपॅरिन सुरू करा." मी म्हटलं, सर, पिशवी फुटली आहे, आम्ही पाहिली आहे, शीर मोकळी आहे. ते म्हणाले, "त्या धुक्यात तुम्हाला जे दिसतं ते मला दिसत नाही." मी चिडले. रुग्णासमोर, सिस्टरांसमोर, विद्यार्थ्यांसमोर मी त्यांच्याशी वाद घातला, आवाज चढवून. ते शांतपणे ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, "ठीक आहे. औषध देत नाही. पण हे तुमच्या शब्दावर." मग पुढच्या खाटेकडे वळले.

भाऊ हे सगळं ऐकत पडले होते. त्यांनी मला विचारलं, "बाई, मंग चांगलंच हाय ना?" मी म्हटलं, "चांगलंच आहे." मशीन खाली गेलं आणि मी ओपीडीत जाऊन बसले.

ओपीडीत माझं लक्ष लागेना. काहीतरी टोचत होतं, आणि काय ते सापडत नव्हतं. साडेबाराला मी उठले आणि जेवायला न जाता वॉर्डात गेले. भाऊंची बायको त्यांना धुतलेला पायजमा घालत होती. डाव्या पायात तो नीट चढला. उजव्या पायात गुडघ्याच्या वर अडकला.

"काऊन वं, जोर लाव ना," भाऊ म्हणाले.

"लावून राहिली ना. मांडीतच अडकते. कालपर्यंत त चढत होता."

मी पुढे होऊन हात लावला. मांडी घट्ट होती, डावीच्या दीडपट. फुटलेल्या पिशवीचं पाणी खाली उतरतं, पोटरीत, घोट्यापर्यंत. वर मांडीत ते चढत नाही.

मी सिस्टरांना मशीन मागवायला सांगितलं. निरोप आला की खोलीला कुलूप आहे आणि तंत्रज्ञ किल्ली घेऊन जेवायला घरी गेला आहे, नंदनवनला. मी प्रमुखांना फोन लावला. ते कुठल्याशा मीटिंगला गेले होते. औषध माझ्या जबाबदारीवर सुरू करता आलं असतं. पण पिशवी फुटलेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली होती. मांडी एक सांगत होती आणि पोटरी दुसरं. मी कूलरसमोर उभी होते आणि पाठीवरून घामाच्या धारा लागल्या होत्या. भाऊ दर थोड्या वेळाने खोकत होते. साधाच खोकला असेल, पण प्रत्येक वेळी मी वळून त्यांच्या ओठांचा रंग बघत होते. त्यांच्या बायकोने माझ्यासाठी स्टूल आणलं. मी बसले नाही.

तंत्रज्ञ आला तेव्हा सव्वा वाजला होता. मशीन सुरू होईपर्यंत ती मुलगीही येऊन उभी राहिली. मी प्रोब तिच्याच हातात दिला. "सकाळी पाहिलंस तसं दाखव."

तिने मांडीच्या वरच्या भागात प्रोब टेकवला. पडद्यावर दोन काळी वर्तुळं शेजारी शेजारी आली. एक ठोके घेत होतं, ती धमनी. दुसरं स्थिर, ती शीर. काळी, गोल, मोकळी दिसणारी.

"आता दाब," मी म्हटलं.

तिचा हात हलला नाही.

यात गोम काय ते सांगायला हवं. ताजी गुठळी पडद्यावर वाहत्या रक्तासारखीच काळी दिसते. नुसतं बघून शीर मोकळी की भरलेली ते कळतच नाही. कळतं ते दाबल्यावर. मोकळी शीर प्रोबच्या दाबाने मिटते, रिकाम्या पिशवीसारखी. आत गुठळी असेल तर मिटत नाही. म्हणजे सांध्यावर जे करायचं नाही, तेच शिरेवर करायचं असतं. हे मला ठाऊक होतं. मी त्या दीड महिन्यात एकदा पाहिलं होतं, वहीत लिहिलंही होतं. आणि माझ्या विद्यार्थ्यांना ते मी कधीच सांगितलं नव्हतं. मी सांध्यांची बाई. सांध्यांसाठी कणीक मळत बसले होते.

"दाब म्हणते ना," मी पुन्हा म्हटलं. तिने माझ्याकडे बघितलं, अगदी गोंधळून. शेवटी मीच तिच्या हातावर हात ठेवला आणि खाली दाबलं. दोघींची बोटं पांढरी पडेपर्यंत दाबलं. धमनीसुद्धा जराशी चेपली. शीर तशीच राहिली, गोल.

डाव्या मांडीवर प्रोब नेला आणि दाबला. शीर क्षणात मिटली.

दोन्ही होतं. पिशवीही फुटली होती आणि गुठळीही झाली होती. फुगलेल्या पिशवीने आधी शीर चेपली असणार, मग तिथे रक्त थबकलं असणार. सकाळी औषध थांबवून साडेचार तास झाले होते, आणि ते माझ्या शब्दावर थांबलं होतं.

मी सिस्टरांना हेपॅरिन आणायला सांगितलं, पोटरीवर तासातासाने लक्ष ठेवायला सांगितलं, आणि मग त्या मुलीकडे वळले. "सकाळी हे का नाही केलंस? शीर मोकळी म्हणून सही कशावर केलीस? या माणसाला काही झालं तर काय सांगणार आहेस त्याच्या बायकोला?" आणखीही बरंच बोलले. माझ्या जिभेला हाड नव्हतंच, त्या दिवशी लगामही नव्हता. ती खाली मान घालून उभी होती. प्रोब अजून तिच्या हातातच होता आणि जेली मनगटावरून ओघळत होती.

"बाई," भाऊ म्हणाले, "त्या पोरीले काहून रागावता? दोन महिने झाले, तुमीच त सांगून राहिल्या, दाबू नका म्हणून."

मी प्रोब तिच्या हातातून घेतला, पुसला, जागेवर ठेवला.

प्रमुख तीन वाजता आले. मी त्यांना सगळं सांगितलं आणि म्हटलं, चूक माझ्या शिकवण्यातली आहे, तिची नाही. त्यांनी केसपेपरवरची तिची सही पाहिली. "तुम्ही तिला पाठीशी घालताय," ते म्हणाले. "शिकवलेलं डोकं लावून वापरायचं असतं." मी पुन्हा सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण त्यांना पटलं नाही. पुढचे कित्येक महिने ते तिची प्रत्येक नोंद दुसऱ्याकडून तपासून घ्यायचे.

पुढचे तीन दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. पोटरी रोज टेपने मोजायची. औषध जास्त झालं तर पाय जाणार, कमी झालं तर जीव. शनिवारी दुपारी भाऊंच्या छातीत श्वास घेताना सुई टोचल्यासारखं दुखायला लागलं आणि थुंकीत रक्ताची रेघ आली. गुठळीचा तुकडा सुटला होता. तो लहान होता म्हणून ते वाचले. ते साडेचार तास वाया गेले म्हणून तो सुटला की तसाही सुटलाच असता, हे कुणालाच सांगता येणार नाही. मी स्वतःला दोन्ही उत्तरं देऊन पाहिली आहेत, आणि एकही पटत नाही.

त्या मुलीने ते तिन्ही दिवस वॉर्ड सोडला नाही. माझ्याशी कामापुरतं बोलली. मी माफी मागितली नाही. पुढच्या बुधवारी वर्गासमोर म्हटलं, "मी तुम्हाला अर्धंच शिकवलं होतं," आणि शिरेवर दाबायचं कसं ते दाखवलं. मला वाटलं, एवढ्याने झालं. माझ्यासारख्या बाईने एवढं म्हणणं म्हणजे पुष्कळ, असंही वाटलं.

भाऊ त्यानंतर पाचव्या आठवड्यात घरी निघाले. पायाला पट्टी, हातात गोळ्यांची पिशवी. बायको एस.टी.ची वेळ सारखी विचारत होती. मी गोळ्या कशा घ्यायच्या ते पुन्हा समजावून सांगितलं. ते खाटेच्या कडेला बसून ऐकत होते. मग बायकोला म्हणाले, "जा वं, बाहेर बस घडीभर." ती गेल्यावर मला म्हणाले, "बाई, एक सांगू का? राग नका मानू."

"सांगा."

"त्या दिवशी सकाळी पोरीनं दाबलं होतं."

मला आधी कळलंच नाही.

"माह्या मांडीवर. तुमी याच्या आंधी. तिनं म्हटलं, भाऊ, जरासं दाबून पाहतो, पुस्तकात वाचलं हाय. अन् दाबाले लागली. मंग तिनं दाराकडं पाह्यलं अन् हात उचलला." त्यांनी गोळ्यांची पिशवी मांडीवर ठेवली. "तिले कोनाचं भेव हाय, ते मले काय मालूम नाही का बाई? पन हे मी त्या साहेबासमोर कसं सांगू? पोरीनं हात जोडले होते, सांगू नका म्हणून."

मग त्यांनी आधारासाठी माझ्यापुढे हात केला. वाकड्या झालेल्या बोटांचा तो हात धरून मी त्यांना उठवलं आणि दारापर्यंत सोडायला गेले.

त्या गुरुवारी सकाळी आठ वाजता मी याच दारात उभी होते. तिने प्रोब उचलला ते मी पाहिलं होतं. आणि किती हलका हात आहे या मुलीचा, असं मनाशी म्हणून खूश झाले होते.